पुढची दोन चाकं

टायरमधल्या हवेचा दिवा पिवळा असतो. आकार घोड्याच्या नालेसारखा, पोटात उद्गारचिन्ह. थोरल्याच्या व्हॅनमध्ये तो इतके दिवस पेटत होता की घरातल्या मंडळींना त्याची सवय झाली होती. "आज आहे का?" असं त्याची बायको, थोरली, पानात भाजी वाढता वाढता विचारायची आणि थोरला "आहे" म्हणायचा. घरात मुक्काम ठोकून बसलेल्या आणि जायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्याची चौकशी करावी, तसं.

व्हॅन रुग्णांची होती. डायलिसिसला जाणाऱ्यांना घरून उचलायचं, मोठ्या रुग्णालयात पोचवायचं, यंत्रावरून उतरले की पुन्हा ज्याच्या त्याच्या दारात सोडायचं. थोरला हे काम मन लावून करी आणि आपण ते मन लावून करतो हे त्याला चांगलं ठाऊकही होतं. आज मात्र रुग्णालयाच्या वाहनतपासणीचा शेवटचा दिवस होता. नियम साधा: किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटले पाहिजेत, इंजिन सुरू झालं की सगळे विझले पाहिजेत. एक जरी रेंगाळला तरी गाडी नापास आणि तिची फेरी यादीतल्या पुढच्या गाडीला. पुढची गाडी कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. धाकट्या भावाची.

तेव्हा सकाळच्या रुग्णांना यंत्रावर पोचवून थोरला तडक उस्तादच्या टायरच्या दुकानात आला. बरोबर अप्पा होते. अप्पा म्हणजे वडील. काम काही नसलं की ते पुढच्या सीटवर बसून यायचे आणि काम असलं की ते दुसऱ्याला कसं करायचं हे सांगायचे.

"पुन्हा?" उस्ताद म्हणाला. टायर उतरवायच्या यंत्रावर त्याचा एक हात होता, दुसऱ्या हातात चहाचा कप. "अहो शेठ, पुढच्या दोन्ही चाकांत नवे सेन्सर बसवून दिलेत ना मी?"

"बसवलेस. दिवा तस्साच."

"वायर कापून टाक त्याची," अप्पा सीटवरून म्हणाले. "नाहीतर काळी टेप चिकटव."

"अप्पा, किल्ली फिरवल्यावर दिवा पेटलेला दिसावा लागतो. नाहीच पेटला तर टेप लावली हे त्यांना कळतं."

"मग पेटू दे आणि नंतर लाव."

उस्तादने कप खाली ठेवला. अप्पांशी वाद घालायचा नाही, हे तो पहिल्या भेटीतच शिकला होता.

दुखणं खरं म्हणजे विचित्रच होतं. चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, बोटाच्या पेराएवढा सेन्सर असतो. तो हवा मोजतो आणि गाडीला आपला नंबर सांगून हाक मारतो: मी अमुक, माझ्यात हवा इतकी. गाडीला तिचे चार नंबर पाठ असतात. तेवढ्यांचंच ती ऐकते. थोरल्याच्या गाडीत मागच्या दोन चाकांची हवा पडद्यावर व्यवस्थित दिसे, पुढच्या दोघांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. पण गंमत अशी की रुग्णालयाच्या पोर्चमध्ये जाऊन थोडा वेळ उभं राहिलं की रेघा जाऊन आकडे यायचे आणि दिवा आपोआप विझायचा. घरी परत निघालं की अर्ध्या वाटेत पुन्हा पेटायचा.

"गाडी डॉक्टरला घाबरते," थोरली म्हणायची. "तुमच्यावर गेलीय. दवाखान्यात गेलं की तुमचंही काही दुखत नाही."

थोरल्याला या गमतीचा आधारच वाटत होता. तपासणी पोर्चमध्येच व्हायची होती, आणि पोर्चमध्ये दिवा विझतो. म्हणून त्याने इतके दिवस हातपाय हलवले नाहीत. आणि नेमका गेल्या पंधरवड्यापासून दिवा पोर्चमध्येही विझेनासा झाला. तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं आणि तो उस्तादकडे धावला. उस्ताद म्हणाला, सेन्सरची बॅटरी आतच सील केलेली असते, ती संपली की सेन्सर बदलायचा, दुसरा इलाज नाही. त्याने पुढची दोन्ही चाकं उतरवली, टायर सोडवले, जुने सेन्सर काढून नवे बसवले. ही गाडी नवीन नंबर स्वतःहून शिकत नाही, कंपनीच्या वर्कशॉपचंच यंत्र लागतं. म्हणून उस्तादने डोकं लढवून नव्या सेन्सरवर जुन्यांचे नंबर उतरवले. गाडीला बदल कळायलाच नको. काम चोख. दिवा कायम.

आज उस्तादने हातात धरायचं तपासणीयंत्र काढलं. मोबाइलहून जरा जाड, वर आखूड अँटेना. एकेका चाकाच्या व्हॉल्व्हजवळ ते धरायचं आणि बटण दाबायचं. मागचं डावं बोललं. मागचं उजवं बोललं. पुढचं डावं बोललं. पुढचं उजवंही, खणखणीत.

"चारही जिवंत आहेत," तो म्हणाला. "हवा बरोबर, बॅटरी बरोबर. ही चारही ओरडतायत. गाडीच दोघांकडे बघत नाही."

"म्हणजे गाडीचा दोष?"

"गाडी दोघांचं ऐकतेय ना नीट. मग कानात दोष कसा?" उस्ताद पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. त्याने रिमवरून बोट फिरवलं, मग उठून मागे गेला आणि मागच्या रिमवरूनही बोट फिरवलं. पुन्हा पुढे आला. "शेठ, एक विचारू? राग मानू नका. ही चाकं याच गाडीची ना?"

"म्हणजे काय! आमचीच."

"आमची म्हणजे कुणाची?"

थोरला उत्तर द्यायला गेला आणि तोंड उघडं ठेवूनच थांबला. सीटवर अप्पांनी काच वर करायला घेतली.

वाटणीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. दोघा भावांच्या दोन व्हॅन होत्या, एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच रंगाच्या. अप्पांनी वाटणी केली ती अशी की पंचांना लाज वाटावी. चमचेसुद्धा समान. गाद्या समान. गाड्या तर समान होत्याच. पण थोरल्याने वाटणीच्या जरासं आधी आपल्या गाडीला चारही टायर नवे घातले होते, आणि ते धाकटीच्या डोळ्यांत भरले. "गाड्या सारख्या म्हणता," ती म्हणाली, "आणि त्यांची नवे बूट घालून निघाली, आमची अनवाणी." यावर थोरली म्हणाली की ज्यांनी बूट घेतले त्यांनी घालावेत. मग आवाज चढले. दोघी जावा एकमेकींकडे न बघता भिंतीशी बोलायला लागल्या. अप्पांनी हात वर केला आणि एक घाव दोन तुकडे करून टाकले: दोन नवी चाकं इकडे, दोन जुनी तिकडे. आत्ता, माझ्या समोर. दोघा भावांनी अंगणात जॅक लावले. एकाची पुढची चाकं दुसऱ्याला गेली, दुसऱ्याची पहिल्याला आली, आणि अप्पा खुर्ची टाकून नट मोजत बसले. पुढे अनेक दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत: माझ्या घरची वाटणी, बोट दाखवायला जागा नाही.

चाकांच्या आत नंबर असतो हे त्या अंगणात कुणालाच माहीत नव्हतं.

मग धाकट्याने वेगळं घर केलं आणि काही दिवसांनी त्याच रुग्णालयात गाडी लावली. थोरल्याला हे झोंबलं. जगात रुग्णालयं काय कमी पडली होती? त्या दिवसापासून बोलणं बंद. पोर्चमध्ये मात्र दोघांच्या गाड्या रोज शेजारी उभ्या राहत, कारण डायलिसिसच्या गाड्यांना उभं राहायला तेवढीच जागा होती. दोघे आपापल्या काचेतून समोर बघत बसत. बाजूबाजूला, दोन व्हॅनच्या चाकांतून, हाकाहाकी चालू असे.

"म्हणून विझायचा!" थोरल्याकडून हे सगळं ऐकल्यावर उस्ताद मांडीवर थाप मारून म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता. "तुमची चाकं शेजारच्या गाडीला, ती जवळ आली की तुमच्या गाडीला ऐकू यायची. आणि मी शहाणा, त्यांच्या चाकांचे नंबर जसेच्या तसे नव्या सेन्सरवर उतरवून बसलो. तुमच्या गाडीने ते नंबर जन्मात ऐकलेले नाहीत!" मग थोरल्याचा चेहरा बघून त्याने आनंद आवरता घेतला. "अहो, सोपं आहे. भावाला बोलवा. त्यांची गाडी इथे लावू, पुढची चाकं अदलाबदल करू. जॅक दोन आहेत माझ्याकडे. चहा थंड व्हायच्या आत दोघांचे दिवे बंद."

सोपं! थोरल्याने मोबाइल हातात घेतला, खिशात ठेवला, पुन्हा काढला. तोंडाला इतके दिवस घातलेलं कुलूप उघडायचं, तेही टायरसाठी. आधी त्याने कंपनीच्या वर्कशॉपला फोन लावून पाहिला. तिथल्या मुलीने गोड आवाजात पुढच्या आठवड्यातली वेळ देऊ केली, आणि आज नाही का जमणार असं विचारल्यावर आणखी गोड आवाजात तीच वेळ पुन्हा देऊ केली.

"अप्पा, तुम्ही लावता का त्याला फोन?"

"मी?" अप्पा काचेतून म्हणाले. "मी मध्ये पडत नाही तुमच्या. वाटणी झाली, माझं काम झालं."

शेवटी थोरल्यानेच लावला. धाकटीने उचलला. "अगंबाई, भावजी!" ती म्हणाली, आणि त्या तीन अक्षरांत किती महिन्यांचा हिशेब होता तो तिचा तिलाच ठाऊक. "थांबा, देते."

मागून कुजबुज. मग धाकट्याचा आवाज. "हं, दादा."

थोरल्याने सगळं एका दमात सांगितलं. चाकं, नंबर, तपासणी, उस्ताद, दोन जॅक. 

"येतो," धाकटा म्हणाला.

तो आला. गाडीतून उतरला, अप्पांच्या पाया पडला, उस्तादला नमस्कार केला आणि दादाच्या शेजारी, जरा अंतर ठेवून उभा राहिला. त्याच्या गाडीच्या काचेवर तपासणीत पास झाल्याचं हिरवं स्टिकर होतं, ताजं, एक कोपरा अजून न चिकटलेला. थोरल्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"तुझाही दिवा पेटत असेल ना?" त्याने विचारलं.

"पेटायचा."

"पेटायचा म्हणजे?"

"कंपनीच्या वर्कशॉपला नेली होती मी. पंधरवडा झाला. त्यांनी सांगितलं, पुढची दोन चाकं या गाडीची नाहीत. म्हटलं, आता काय करायचं? तर ते म्हणाले चारही नवे सेन्सर टाका, आम्ही गाडीला नवे नंबर शिकवतो. टाकले."

उस्तादने डोळे मिटून घेतले. त्याला पुढचं कळलं होतं. थोरल्याला कळायला एक क्षण लागला.

"आणि जुने? आतले?"

"तिथेच राहिले."

"तिथे म्हणजे?"

"कचऱ्यात, दादा. त्यांनी विचारलं, ठेवायचेत का? मी म्हटलं, मला काय करायचेत."

उस्ताद मध्ये पडला. "निदान त्यांचे नंबर कुठे लिहिलेले? बिलावर? नंबर मिळाले तरी मी नव्यावर चढवीन. तुमची गाडी मला तिच्या पोटातले नंबर वाचू देत नाही, नाहीतर तुम्हाला बोलावलंच नसतं."

धाकट्याने मान हलवली. त्याने वर्कशॉपला फोनही लावला, स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तीच गोड मुलगी. जुन्या सेन्सरचे नंबर आम्ही ठेवत नाही सर. आणि गाडी आणली तर? पुढच्या आठवड्यात सर.

म्हणजे थोरल्याची व्हॅन ज्या दोघांची हाक ऐकायला इतके दिवस कान देऊन बसली होती, ते कुठल्या तरी कचऱ्याच्या ढिगात पडले होते. तिथूनही कदाचित ओरडत असतील.

"तुला सांगता नाही आलं?" थोरला म्हणाला. आवाज चढवायचा होता, पण तो चढेना. "रोज शेजारी उभा असतोस. एक शब्द?"

"कसा सांगणार? मी उतरलो की तू काच वर करायचास. फोन केला तो तू कापलास. दोनदा." धाकटा जमिनीकडे बघत होता. "म्हणून मग अप्पांना सांगितलं."

दुकानात हवेचा कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला, धडधडला आणि टाकी भरल्यावर बंद पडला. 

"अप्पा?"

अप्पांची काच आता पूर्ण वर गेलेली होती. थोरल्याने दार उघडलं.

"अप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"तो काहीतरी म्हणाला होता चाकांचं," अप्पा म्हणाले. "मला वाटलं, पुन्हा तेच. नवी-जुनी. म्हटलं, झालेली वाटणी पुन्हा कशाला उकरायची? जग म्हणेल, अप्पांनी चुकीची केली."

"जग कुठे आहे इथे?"

अप्पा सीटच्या पट्ट्याचा बकल तपासू लागले. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा त्या लाल बटणावर दोनदा घसरला. थोरल्याच्या मनात बोलायला पुष्कळ होतं. सगळी वाक्यं रांगेत तयार होती आणि एकही उपयोगाचं नव्हतं. कुणाला झापायचं? बापाला, ज्याने चमचेसुद्धा मोजून दिले? भावाला, ज्याने निदान फोन तरी केला होता? स्वतःलाच झापावं, तर त्यासाठी दुकान मोकळं हवं होतं.

"माझी चाकं घेऊन जा," धाकटा एकदम म्हणाला. "सेन्सरसकट."

"तुझे नंबर तुझ्या गाडीला शिकवलेत. माझ्या गाडीला काय कळणार?"

"हो की." धाकट्याने कपाळावर हात मारला. काहीतरी द्यायला तो धडपडत होता, आणि देण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. "मग मी साहेबांशी बोलू?"

बोलून पाहिलं. दोघे भाऊ कैक महिन्यांनी एकमेकांच्या मागोमाग रुग्णालयात गेले आणि वाहनतपासणीच्या साहेबांसमोर शेजारी शेजारी उभे राहिले. साहेब मुळीच वाईट नव्हते. वाईट असते तर भांडता आलं असतं. त्यांनी पूर्ण गोष्ट ऐकून घेतली, मध्ये दोनदा हसलेसुद्धा, आणि म्हणाले, "अहो, टायर तुमचे उत्तम आहेत, मला दिसतंय. पण दिवा पेटलेला आहे. मी 'दिवा पेटलेला नाही' असं कसं लिहू?"

"नुसता सेन्सरचा दिवा आहे साहेब. हवा बरोबर आहे."

"उद्या खरंच हवा गेली, तर हा दिवा तुम्हाला वेगळा दिसणार आहे का?"

 साहेबांनी इंजिन सुरू केलं, दिव्यांची पलटण विझली, आणि नालेच्या आकाराचा तेवढा एक मागे राहिला. साहेबांनी जराशी वाट पाहिली. माणूस भला, विझावा असं त्यांनाही वाटत होतं. मग त्यांनी लाल स्टिकर काढलं आणि काचेवर चिकटवताना कोपरे अंगठ्याने नीट दाबले.

"आजपासूनच?" थोरल्याने विचारलं.

"आजपासूनच. परतीची फेरी यांची." त्यांनी धाकट्याकडे बोट केलं. "फेऱ्या वर्षभरासाठी ठरतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दिवा विझला की अर्ज करा, जागा रिकामी झाली तर बघू."

रुग्ण यंत्रावरून उतरून एकेक करून पोर्चमध्ये यायला लागले होते. पांढरे, थकलेले चेहरे, दंडाला पट्ट्या. धाकट्याने आपल्या व्हॅनचं दार सरकवलं आणि तो दाराशी अवघडून उभा राहिला, दुसऱ्याच्या घरात पाहुण्यांचं स्वागत करायला सांगितल्यासारखा. त्याने आजवर नेले होते ते तरणे, आपले आपण चढणारे रुग्ण. थोरल्याचे म्हातारे होते.

"त्या मास्तरीणबाई," थोरला हळूच म्हणाला. "डावा हात धरू नकोस, सुई तिथे असते. उजव्या कोपराला आधार दे. पायरीवर त्या 'मी चढते' म्हणतात. म्हणू दे, पण हात मागे तयार ठेव."

"बरं."

"काळ्या टोपीचे काका मागे, खिडकीशी. ते बोलत नाहीत. बोलायला लागले तर समज काहीतरी बिघडलंय, तशीच गाडी फिरव आणि इथे आण."

"बरं, दादा."

"गेटचा गतिरोधक पहिल्या गिअरमध्ये. यंत्रावरून उतरल्यावर रक्तदाब खाली गेलेला असतो, एका धक्क्याने उलटी होते. एसी लावू नकोस, त्यांना थंडी वाजते. पाणी मागितलं तर घोटभरच, त्यांना मोजून असतं. आणि बाईंच्या घरी बेल वाजवून निघू नकोस. सून दार उघडेपर्यंत थांब. उशीर लावते ती."

धाकटा प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. मध्येच त्याने खिशातून मोबाइल काढला, लिहून घ्यावं म्हणून, आणि मग काय वाटलं कोण जाणे, परत ठेवला.

मास्तरीणबाई पायरीशी आल्या. त्यांनी आधी एका भावाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. दोघांचं नाक एकच होतं.

"तुम्ही नाही का येत?"

"आज गाडी नापास झाली बाई."

"तुमची?" त्या शिक्षिकेच्या सुरात म्हणाल्या. "कशात?"

"पुढच्या चाकांत."

"मग परवा याल ना?"

थोरल्याने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने पायरीकडे. "मी चढते," बाई म्हणाल्या आणि चढल्या. धाकट्याचा हात मागे होता, पण डाव्या बाजूला. थोरल्याने तो धरून उजवीकडे नेला.

सगळे बसले. दार धाकट्याच्याने लागेना. घाईत त्याने ते रुळावरून तिरकं ओढलं होतं. थोरल्याने बाहेरून खांद्याने रेटून ते बसवलं. काचेतून काळ्या टोपीच्या काकांनी त्याला नेहमीसारखीच, न बोलता, मान हलवली.

त्याच्या स्वतःच्या व्हॅनमध्ये अप्पा पट्टा लावून तयार बसले होते. लाल स्टिकर त्यांच्या अगदी नाकासमोर होतं. धाकट्याची व्हॅन वळली, गेटकडे निघाली, आणि थोरला पोर्चच्या कठड्याशी उभा राहून बघत राहिला. गतिरोधक जवळ येत होता. वेग जरा जास्तच होता. थोरल्याचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला, आणखी दाबला गेला, टाच उचलेपर्यंत. गाडी गतिरोधकावरून उडून गेली. मागच्या काचेत सगळी डोकी एकदम वर जाऊन खाली आली.